डोळा कुणाचा?

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. नदीकाठच्या एका गावात सिदोजी नावाचा म्हातारा नावाडी राहत होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. आधी पैलतीर दिसेनासा झाला, मग नातवंडांचे चेहरे. नाव काठालाच बांधून ठेवावी लागली.

शेवटी तो डोंगरापलीकडच्या नामांकित वैद्यबुवांकडे गेला. बुवांनी डोळे तपासले. "घाबरू नका. सुईने पडदा सारू, दिसू लागेल," ते म्हणाले. सिदोजीचा जीव भांड्यात पडला.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बुवांची शिष्या अंबू त्याचा डोळा धुवायला आली; बुवा पलीकडे सुया मांडत होते. धुता धुता तिचे हात थबकले. "बाबा, एक सांगू? आज सुई मी धरणार आहे. चालेल का तुम्हाला?"

सिदोजी ताडकन उठला. "वैद्यबुवा, तुमचं नाव ऐकून आलो मी! हिला शिकायला माझाच डोळा सापडला?"

बुवा वरमले. "मी शेजारीच बसणार होतो. तुम्हाला उगाच धास्ती नको, म्हणून बोललो नाही."

"दिसत नसलं तरी डोळा माझा आहे. मला विचारायला नको?"

सिदोजी चाचपडत दाराकडे निघाला, पण उंबऱ्याशी थांबला. पोरीने सांगितले नसते, तर त्याला कळलेही नसते.

"पोरी, आजवर किती डोळे केलेस?"

"बकऱ्यांचे पुष्कळ. माणसाचा एकही नाही."

"आणि हात अडला तर?"

"तिथंच थांबेन. हट्ट करणार नाही."

सिदोजी तिच्या आवाजाकडे वळला. मग म्हणाला, "एक डोळा तुझा, दुसरा बुवांचा." आणि परत येऊन बसला.

अंबूने सुई घातली. सिदोजीने ओट्याची कड घट्ट धरली. मध्येच तिचा आवाज आला, "गुरुजी, पडदा सरत नाही. इथून पुढे तुम्ही." बुवांनी सुई हाती घेतली. तिचे शब्द ऐकले मात्र, सिदोजीची मूठ सैल झाली. पोरगी शब्दाला जागली होती.

पट्टी सुटली, तेव्हा समोर अंबूच होती, काळजीने ओठ चावत उभी.

"अगं, हस की आता!" सिदोजी म्हणाला. "दुसऱ्या डोळ्यालाही तूच बस. या खेपेला काम शेवटपर्यंत ने."

आणि तिने नेले.

पुढे बुवा थकले, तरी अंबूमुळे त्या मुलुखात कुणाचे डोळे उपचारावाचून राहिले नाहीत. मात्र रोग्याला विचारल्याशिवाय तिथे शिकाऊ हाताने कधी सुई उचलली नाही. बहुतेक जण हो म्हणत. कुणी नाही म्हटले, तर त्याच्यावरही तितक्याच मायेने उपचार होत.

तात्पर्य: विश्वास लपूनछपून घेता येत नाही, खरे सांगून मागितला, तर माणूस आपला डोळासुद्धा हाती देतो.