पांढरा दवबिंदू

विषय: मौजे नेरवणे येथील देवराईच्या फाटकाचे कुलूप उघडून मिळणेबाबत.

संदर्भ: श्री. अच्युत बेहेरे, चष्मेवाले, यांचा अर्ज व त्यानंतरचा पत्रव्यवहार.

उपरोक्त प्रकरणाची वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे.

एका गावात एक राई होती आणि शेजारच्या बाजारगावात एक चष्मेवाला होता. राई देवीची होती. चष्म्याचं दुकान बेहेऱ्यांचं होतं. दोघांचाही एकमेकांना काही उपद्रव नव्हता. पुढे बेहेऱ्यांनी कॅमेरा घेतला.

कॅमेरा घेणारे लोक साधारणपणे लग्नाचे किंवा डोंगराचे फोटो काढतात. बेहेऱ्यांना लहान गोष्टींचा नाद होता. मुंगीच्या मिशा, फुलपाखराच्या पंखावरची पूड, गवताच्या पात्यावरची लव. त्यासाठी त्यांनी मॅक्रो लेन्स आणली. या लेन्समधून टाचणीच्या डोक्याएवढा किडा हत्तीएवढा दिसतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना बेहेरे त्याला चष्म्याऐवजी नाकतोड्याचा गुडघा दाखवत. गिऱ्हाईक घाबरून पहिल्याच काचेला हो म्हणे. धंद्याचं नुकसान झालं नाही.

परसातले किडे संपले, तेव्हा त्यांना राई आठवली. नेरवण्याच्या राईत कोणी काही तोडत नाही, म्हणून तिथे सगळं आहे. गावाचा रिवाज साधा होता. राईतलं पान तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही. कुंपण नव्हतं, कुलूप नव्हतं. आत जाणाऱ्याने गुरवाकरवी देवीला शब्द द्यायचा, एवढंच. त्या एवढ्याशावर राई पिढ्यान् पिढ्या उभी होती.

आणि हातून काही तुटलंच, तर त्यालाही वाट होती. जाऊन सांगायचं, नारळ ठेवायचा, विषय संपला. मागे सरपंच इंदूताई साळसकरांची म्हैस राईत शिरून कुड्याचं झुडूप ओरबाडून आली, तेव्हा म्हशीतर्फे खुद्द सरपंचबाईंनी नारळ ठेवला होता. म्हैस निर्दोष सुटली.

बेहेरे गेले तेव्हा धाकू गुरव देवळाच्या पायरीवर विडीचं थोटूक विझवत बसला होता. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बेहेऱ्यांकडे.

"बेहेरेनू, हयला पान तोडूचा नाय. बाजूक सारूचा पण नाय."

"अहो धाकूबुवा, मी नुसता बघायला आलोय. डोळा भिंगाला लावलेल्या माणसाला हात कुठे असतात?"

धाकूने नारळ पुढे घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवी माये, हो चष्मेवालो तुझ्या दारात इलो हा. बघूक इलो हा, न्हेऊक नाय. हेच्या हातून पान हलाचा नाय, असो हेचो शबूद आसा. तो सांभाळून घे गे माये!"

"व्हय म्हाराजा," बेहेरे म्हणाले. मोठ्याने म्हणाले. साक्षीला दोन कावळे आणि धाकूची सून होती.

पुढचे कितीतरी दिवस बेहेऱ्यांनी शब्द पाळला. हे नमूद करणं आवश्यक आहे. ते पोटावर सरपटले, डासांना रक्त दिलं, पण पाचोळ्यालासुद्धा धक्का लावला नाही. आणि एके सकाळी त्यांना ती दिसली.

रानउंबराच्या एका रोपावर, खालच्या पानावर, हिरवी कोळ्याची मादी बसली होती. पायांना काटे, पाठीवर पांढरी नक्षी. आठही पायांनी तिने एक पिवळट बोंड कवटाळलं होतं. त्या बोंडात तिची अंडी होती. वरचं मोठं खरखरीत पान तिच्यावर छपरासारखं वाकलेलं होतं. ती खात नव्हती, हलत नव्हती. बोंड फुटेपर्यंत ती अशीच बसणार, हे बेहेऱ्यांना वाचून माहीत होतं. असा फोटो काढायला माणसं जन्मभर फिरतात.

फोटो मात्र निघेना. वरचं पान आड येत होतं. त्याची कड चित्रात घुसायची, नाही तर त्याची सावली मादीवर पडायची. बेहेरे डावीकडून गेले, उजवीकडून गेले, चिखलात उताणे झाले. रोज सकाळी उन्हाचा एक कवडसा तिथे यायचा, त्या पानावर आपटायचा आणि निघून जायचा. तिकडे जिल्ह्याच्या छायाचित्र स्पर्धेची मुदत संपत आली होती.

या छंदातल्या लोकांची एक सवय आहे. फोटोआधी ते जागेची साफसफाई करतात. एक काडी बाजूला, एक पान मागे, मध्ये येणारं गवत चिमट्याने धरून ठेवायचं. फोटोत ते दिसत नाही, आणि फोटोत दिसत नाही ते घडलेलंच नाही, अशी सर्वांची समजूत आहे.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी कवडसा आला. बेहेऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं. राईत कोणी नव्हतं. त्यांनी कोपराने पान मागे रेटून पाहिलं. कॅमेरा थरथरला. कवडसा सरकू लागला. बेहेऱ्यांच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. एकच पान, ते मनात म्हणाले. राईत पानं काय कमी आहेत?

टक् असा बारीक आवाज झाला.

पान खाली पडलं. त्यांनी ते बुटाने पाचोळ्याखाली सारलं आणि डोळा भिंगाला लावला. काय उजेड होता! मादीच्या पायावरचा काटा न् काटा मोजता यावा असा. त्यांनी एक फोटो काढला. दुसरा काढला. तेवढ्यात चित्राच्या कडेला काहीतरी हललं.

शेजारच्या किंजळीच्या बुंध्यावर एक सरडा होता. तो तिथे रोजच असे. रोज त्याला रानउंबराचं फक्त एक मोठं पान दिसायचं. आज त्याला त्या पानाखालचं बिऱ्हाड दिसत होतं.

सरडा उतरला. थांबला. मान वर केली. पुन्हा थांबला. मादीला ते कळलं. ती पळू शकत होती. तिचे पाय उडी मारण्यासाठीच असतात. ती बोंडावर चढली आणि पुढचे दोन पाय वर उचलून उभी राहिली.

बेहेऱ्यांचा डावा हात मोकळा होता. नुसता हलवला असता तरी सरडा पळाला असता. पण हात हलला की कॅमेरा हलतो. आणि निसर्गात माणसाने ढवळाढवळ करू नये, हे थोर तत्त्व बेहेऱ्यांना नेमकं त्याच क्षणी आठवलं.

त्यांनी बटण दाबलं.

पुढच्या फोटोत नुसतं रिकामं पान होतं.

घरी येऊन त्यांनी बोंडावर उभ्या मादीचा फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीत ताठ बसले. मादी उत्तम आली होती. बोंड उत्तम आलं होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक मोडका देठ आला होता, आणि त्याच्या टोकाशी पांढराशुभ्र थेंब लोंबत होता. रानउंबराचा चीक. लेन्सने आपलं काम चोख केलं होतं. लहान गोष्ट मोठी करून दाखवायची, हे एकच काम तिला शिकवलेलं होतं.

थेंब पुसून टाकणं संगणकावर अगदी सोपं होतं. पण स्पर्धेचा नियम कडक होता. चित्रात फेरफार चालणार नाही, मूळ फाइल सोबत जोडावी. बेहेरे नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांनी फेरफार केला नाही. नियम मोडायचाच झाला तर देवीचा मोडावा. ती मूळ फाइल मागत नाही.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी प्रमाणपत्रावरच लिहिलं, की कोपऱ्यातल्या दवबिंदूत जणू मातेचे अश्रू साठले आहेत. परीक्षक शहरातले होते. बेहेऱ्यांनी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांना स्वतःलाही ते हळूहळू पटू लागलं.

राईचं नाव झालं म्हणून नेरवण्याने शाळेत सत्कार ठेवला. दाराएवढ्या कापडावर फोटो छापून भिंतीला लावला होता. बेहेरे शाल पांघरून खुर्चीवर बसले आणि लोक रांगेने जवळ जाऊन बघू लागले. पोरांनी कोळ्याचे पाय मोजले. बायांनी बोंडाला हात लावून पाहिला. मग कोणीतरी वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. ते बोट खाली आलं नाही. दुसरं बोट वर गेलं. हसणं बंद झालं.

थेंब आता नारळाएवढा होता. त्या गावात चीक ओळखायला भिंग लागत नाही. लहानपणी प्रत्येकाच्या सदऱ्यावर तो कधी ना कधी सांडलेला असतो आणि प्रत्येकाने त्याबद्दल आईचा मार खाल्लेला असतो.

इंदूताईंनी चष्मा पुसला. तो बेहेऱ्यांच्याच दुकानातला होता. "बेहेरेनू, फोटो बरो आसा. हो थेंब कसलो?"

बेहेऱ्यांनी तोंड उघडलं. खरं उत्तर जिभेवर आलं होतं. ते लहान होतं.

"दव," ते म्हणाले.

"पांढरो दव?" मागून कोणीतरी म्हणालं. "दूध घालून काढल्यानी काय?"

"प्रकाश तसा पडला," बेहेरे म्हणाले.

धाकू गुरव रांगेतून पुढे आला. त्याने फोटोकडे पाठ केली आणि बेहेऱ्यांसमोर उकिडवा बसला. आवाज इतका खाली आणला की पहिल्या बाकापलीकडे जाऊ नये.

"बेहेरेनू, माणूस चुकता. माझ्या हातून पण एकदा फांदी मोडली हा. उद्या सकाळी नारळ घेवन या, मी गाऱ्हाणा घालतंय. माका फक्त सांगा. तुटला काय पान?"

इतकंच होतं. एक नारळ. म्हशीला जेवढा पडला तेवढाच.

बेहेऱ्यांनी फोटोकडे पाहिलं. त्याखाली प्रमाणपत्र टाचलेलं होतं आणि त्यावर दवबिंदू असं छापलेलं होतं. छापलेल्या शब्दाविरुद्ध बोलायचं त्यांना धाडस होईना. गाव बघत होतं. गळ्यात हार होता. हार घातलेल्या माणसाची मान सहसा खाली होत नाही.

"नाही हो," ते म्हणाले. "पान कशाला तुटेल?"

धाकू उठला. गुडघे झटकले. "बरा तर," म्हणाला आणि घरी गेला. चहा सगळ्यांनी घेतला, पण बेहेऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत इंदूताईंनी एकच विषय घेतला. धाकू गुरव बोलायला उभा राहिला. "पान तुटला, तेचा काय नाय. पान परत येता. पण आता राईत जाणाऱ्याचो शबूद मी देवीक कसो सांगू? ती माकाच इचारतली, धाकू, हो तरी खरो मा?"

ग्रामसभेने ठराव केला. राईला तारेचं कुंपण झालं, लोखंडी फाटक झालं, फाटकाला कुलूप लागलं. किल्ली पंचायतीच्या कपाटात गेली. आता दिवा लावायला धाकूलासुद्धा किल्ली मागून न्यावी लागते. तो ती मागतो, तेव्हा कारकून खिडकीबाहेर बघतो.

पावसाळा गेला. नेरवण्याच्या एका गिऱ्हाइकाने धाकूकडून ऐकलेलं बेहेऱ्यांना सहज सांगितलं, की त्याच रानउंबरावर तसलाच हिरवा कोळी पुन्हा बसलाय, बोंड धरून. बेहेऱ्यांनी गिऱ्हाइकाचा चष्मा तसाच टेबलावर ठेवला आणि स्कूटर काढली. फाटकाशी उभं राहून त्यांनी तारांमधून लेन्स आत घातली. काही दिसलं नाही. डोंगराचा फोटो लांबून निघतो. लहान गोष्टीच्या अगदी जवळ जावं लागतं.

म्हणून त्यांनी अर्ज केला. एवढ्या वर्षांत त्या राईत शिरण्यासाठी आलेला तो पहिला कागद.

पंचायतीने अर्ज नामंजूर केला नाही. त्यावर एवढाच शेरा मारला: फोटोतील थेंब कसला होता, याचा अर्जदाराने खुलासा करावा. बेहेऱ्यांनी खुलासा पाठवला. त्यात सकाळच्या कोवळ्या उन्हाचे गुणधर्म, पाण्याच्या थेंबातून होणारं प्रकाशाचं वक्रीभवन आणि परीक्षकांचं मत, असं सर्व काही होतं. सोबत आकृत्या होत्या. उलटटपाली उत्तर आलं: खुलासा मिळाला. थेंब कसला होता ते त्यात आढळून आले नाही. पुन्हा पाठवावा.

तेव्हापासून बेहेरे दुकानात गिऱ्हाईक नसलं की कोरा कागद पुढे घेतात. लिहायचे शब्द तीनच आहेत आणि ते त्यांना पाठ आहेत. पहिला शब्द "पान" असा लिहून होतो. मग काच पुसावीशी वाटते, मग गिऱ्हाईक येतं, मग कागद ड्रॉवरमध्ये जातो.

सबब, आजमितीस स्थिती अशी की खुलासा अप्राप्त आहे. फाटक बंद आहे. मोडलेल्या देठाशेजारी रानउंबराला नवीन पान फुटल्याचे धाकू गुरवाने तोंडी कळवले आहे. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य: चूक वेळीच कबूल केली तर पानाएवढीच राहते, झाकत बसलं तर ती इतकी मोठी होते, की ती बघायला कोणालाही भिंग लागत नाही.