बाळगोंडाचा हलता डबा

“…मग मोठी गाडी घेऊ, का त्याहून मोठी घेऊ, तेवढंच सांगा.”

बाळगोंडा उभ्या उभ्याच विचारत होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

डबाबुवा भाकरी खात होते. त्यांनी मान वर केली नाही.

हे डबाबुवा म्हणजे दर हिवाळ्यात आमच्या माळावर मुक्काम टाकणारे गोसावी. चाकांवरचा पत्र्याचा डबा हेच त्यांचं घर. पुढं गाडी जोडायची आणि या जत्रेतून त्या जत्रेला जायचं. आंबोली म्हणू नका, फोंडा म्हणू नका, सगळे घाट त्यांनी तो डबा मागं घेऊन उतरलेले. म्हणून लांबलांबचे ड्रायव्हर त्यांच्याकडं शिकायला येतात आणि आधी माझ्या हॉटेलात चहा पितात.

लोक म्हणतात, अनसाक्का कान लावून बसते. बसते. माझं हॉटेल, माझे कान.

तर हा बाळगोंडा पाटील शिरोळकडचा. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून उलटी न्यायच्या शर्यती असतात ना जत्रेत, त्यातला हा पहिला नंबर. दोन ट्रॉल्या लावा, हा मान मागं वळवून सुईत दोरा ओवल्यासारखा उलट्या घालतो. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. आणि तो नाचू देतो.

यंदा त्यानं गाडीच्या मागं जोडायचं एक छोटं घर बांधून घेतलं. झोपायला फळ्या, ओटा, खिडक्या, सगळं काही. बायकोला, त्रिशलाला, समुद्र दाखवायचा होता. वेंगुर्ल्याच्या पुढं कुठंतरी थांबायचं, दार उघडलं की समोर पाणी. त्रिशलानं पडदे स्वतः शिवले, निळे. दोघं महिनाभर दुसरं बोलत नव्हती.

निघाली. पहिल्याच उतारावर ते घर मागं डुलायला लागलं. आधी थोडं, मग ही बाजू ती बाजू, मग गाडीच हलायला लागली. कशीबशी थांबली. त्रिशला उतरली आणि एसटीनं घरी आली.

ज्याला तालुक्यानं खांद्यावर घेतलं, त्याची बायको एसटीनं घरी आली. आता सांगा.

तिनं एकच सांगितलं होतं. डबाबुवा हो म्हणाले तर मी बसेन. नाही म्हणाले तर ते घर मळ्यात लावायचं आणि त्यात कोंबड्या पाळायच्या. समुद्राचं नाव पुन्हा काढायचं नाही. आजही ती एसटीनंच आली होती. माझ्या बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी, डोळे रस्त्याकडं. परतीची गाडी यायची वेळ होत आली होती. चहा दिला तो तसाच निवला.

बुवांनी हात धुतले.

“काय काय आणलंस?”

बाळगोंडानं तीन गाड्या आणल्या होत्या, एकीच्या मागं ते घर जोडून. एक त्यानं चालवत आणलेली, दोन सोबतीला आलेल्या दोघांनी. एक त्याची स्वतःची, लाल, लहान. एक मळ्यातली जुनी जीप. आणि एक मेहुण्याची, काळी, नवी, अंगानं म्हशीएवढी. यातली कुठली ओढायला चांगली, एवढं सांगा म्हणाला, तसलीच घेतो.

हां हां म्हणता माळावर माणसं जमली. शेळ्या सोडून आली, भांगलण सोडून आली. सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं की बुवा जीपच सांगणार. साधू माणूस, त्याला जुनंच आवडणार. मीही तेच म्हटलं, खोटं कशाला बोलू.

डबाबुवांची एक रीत आहे. शिकायला आलेला प्रत्येक जण आपली गाडी ओढते कशी ते दाखवायला बघतो. बुवा आधी थांबून दाखवायला लावतात. माळाच्या उतारावर ते राखेची एक रेघ मारतात आणि सांगतात, घर मागं जोड, वरनं ये आणि इथं उभा राहा.

लाल गाडी आली. भुर्रकन आली, झकास आली. रेघेवर ब्रेक लागला आणि मागच्या घरानं तिला ढकलत चांगलं पुढं नेऊन ठेवलं. म्हातारीला गर्दीत धक्का बसावा तशी ती गेली.

जीप आली. थांबली, पण वाकडी. जीपचं तोंड ओढ्याकडं आणि घराचं तोंड माझ्या हॉटेलाकडं. मी बरण्या आत घेतल्या.

काळी आली. रेघेवर उभी राहिली. मागचं घरही उभं राहिलं.

“ही,” बुवा म्हणाले.

माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली. बाळगोंडा मात्र फुलला. मला ठाऊकच होतं म्हणाला, ताकद केवढी आहे हिच्यात, डोंगर ओढेल.

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं.

“ओढायला गाढवबी चालतंय… थांबवायला वजन लागतंय. पुढचा मागच्यापेक्षा जड पायजे.”

बाळगोंडाला वाटलं, झालं. तो किल्ली फिरवत त्रिशलाकडं निघालासुद्धा. बुवांनी त्याला हाक मारली नाही. ते खाली बसले, घर गाडीपासून सोडवलं आणि घराचा पुढचा दांडा, जो गाडीला अडकतो तो, करंगळीनं उचलला.

करंगळीनं… आणि दांडा वर आला.

बाळगोंडा जागच्या जागी थांबला. बैलगाडी जुंपलेल्या घरातला पोर तो. मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, बैलांच्या मानेवरचं जू वर उचलतं, हे त्याला का कुणी शिकवायला हवं होतं? घराचं मागचं दार उघडलं तर आत सगळा संसार शेपटाला. पाण्याचा पिंप, गॅस, तांदळाचं पोतं, आणि त्याच्या शर्यतींच्या ढाली. समुद्रावर ढाली कशाला नेत होता, देव जाणे.

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, पाटील, बैलं विकली तशी अक्कलपण विकली वाटतं.

बाळगोंडा हसला नाही, पण रागावलाही नाही. पिंप त्यानं स्वतः पुढं सरकवला. पोतं चाकांच्या वर आणून टाकलं. ढाली माझ्या हॉटेलात आणून ठेवल्या. बुवांनी पुन्हा दांडा उचलून पाहिला. आता दोन्ही हात लागले, आणि त्यांच्या तोंडून हुंकार निघाला. एवढंच वजन पुढं हवं म्हणाले. याहून जास्त केलंस तर गाडीच ढुंगण टेकून बसेल.

आता सगळ्यांनाच चेव आला होता. काळी गाडी जोडली, साखळी लावली, मागचे दिवे लागतात का ते दोघातिघांनी ओरडून सांगितलं. बाळगोंडा एकटाच बसला आणि माळाच्या लांब उतारावर गाडी सोडली.

सरळ गेली. मग जरा हलली. मग पुन्हा हलली, जास्त.

मी त्रिशलाकडं पाहिलं. तिनं पिशवीचा बंद हाताला गुंडाळला.

मला राग आला. कुणाचा ते कळेना. बुवांनी निवडलेली गाडी, बुवांनी लावलेलं ओझं, आणि तरी ते घर कुत्र्याच्या शेपटीवाणी हलत होतं. बाळगोंडा परत आला तेव्हा घामानं निथळत होता. बुवांना म्हणाला, मी एक क्षण नजर काढली नाही आरशातनं. जरा कलंडलं की लगेच उलटं वळवत होतो. माझ्याएवढं मागं लक्ष ठेवणारा माणूस जिल्ह्यात नाही.

“न्हाई,” बुवा म्हणाले. “जिल्ह्यात न्हाई.”

आणि उठले. गाडीपाशी गेले, डावीकडचा आरसा धरला आणि फिरवला. पार आत, शेजारच्या सीटकडं. मग उजवीकडचा आकाशाकडं करून टाकला, आतला छताकडं. बाळगोंडाला आता मागचं काहीच दिसेना.

मग बुवा माझ्या हॉटेलात आले. त्रिशलासमोर उभे राहिले.

“लेकी, मागं बघायचं काम तुझं.”

लांब रस्त्यावर एसटी दिसायला लागली होती, लाल ठिपका आणि मागं धुरळा. तिनं त्या ठिपक्याकडं पाहिलं. मग बाळगोंडाकडं पाहिलं. तो दार उघडून उभा होता आणि त्याला ‘ये’ म्हणायचंही सुचत नव्हतं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, एसटी रोजच येते.

तिनं पिशवी माझ्याकडं दिली आणि गेली.

बुवांनी खिडकीत वाकून बाळगोंडाला सांगितलं, मी तिथंच होते म्हणून ऐकलं.

“ही हलतंय म्हणाली की ब्रेक न्हाई. रेस न्हाई. स्टेअरिंग फिरवायचं न्हाई.”

“मग काय करू?”

बुवा खिडकीपासून मागं सरले.

“बुवा… मग काय करू?”

बुवांनी काच वर करायची खूण केली.

गाडी निघाली. माळावरची माणसं उताराच्या कडेला सरकली. उताराच्या मध्यावर खिंडीतलं वारं येतं, आडवं, माझे पत्रे दर वर्षी त्याच वाऱ्यानं जातात. आम्हा सगळ्यांना ती जागा ठाऊक. बुवांनाही.

वारं आलं. घर हललं.

आत काय झालं ते मला त्रिशलानं नंतर सांगितलं. ती आरशात बघून म्हणाली, “हलतंय.” बाळगोंडाचे हात शिवशिवले. ते हात मी पाहिलेत, ट्रॉली अंगठ्याएवढी सरकली तरी आपोआप वळणारे हात. त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं, जिथं होतं तिथंच. पाय रेसवरनं उचलला आणि अधांतरी धरला. ती पुन्हा म्हणाली, “हलतंय.” त्यानं दात आवळले. समोर बघत राहिला.

बाहेरनं आम्हाला दिसलं ते एवढंच. घर डावीकडं गेलं. उजवीकडं गेलं. मग कमी… मग आणखी कमी.

मग सरळ.

“थांबलं,” त्रिशला म्हणाली. आणि म्हणे रडायलाच लागली, हसत हसत.

माळावर जो गलका झाला तो विचारू नका. कुणी टोप्या उडवल्या, कुणी शिट्ट्या मारल्या, मी हातातली पिशवी वर करून नाचले, माझं वय काय आणि मी करते काय. तेवढ्यात एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टर हात करून बोलावत होता. मी त्याला सांगितलं, जा बाबा, आज कोण नाही.

गाडी फिरून वर आली. त्रिशला खिडकीतनं अर्धी बाहेर. म्हणाली, आत्ताच निघू, उजेडात घाट उतरून होईल, आणि अनसाक्का, माझी पिशवी द्या. मी पिशवी दिली, वर शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले.

बुवांनी दरम्यान उजवा आरसा सरळ करून दिला. रस्त्यावर मागनं येणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्या बघायला हा, म्हणाले. डावा त्यांनी त्रिशलाकडंच ठेवला. आंबोलीत खालच्या गेअरला उतर, आणि वळणावर शिरायच्या आधी हळू हो, शिरल्यावर नको, एवढंही सांगितलं. बाळगोंडा सगळ्याला मान हलवत होता. पण त्याचं लक्ष नव्हतं. तोंडावर नुसता आनंद फुटला होता.

शेवटी तो उतरला आणि बुवांच्या पायावर डोकं ठेवलं. आला तेव्हा ठेवलं नव्हतं.

म्हणाला, बुवा, मी आत काहीच केलं नाही हो. शप्पथ सांगतो. आपोआपच सरळ झालं. मग दबक्या आवाजात, त्रिशलाला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, “घाटात ही शेजारी बसलेली असंल आणि पुन्हा हलायला लागलं तर… तवा काय करू?”

बुवांनी त्याला उठवलं. त्याच्या त्या हातांकडं पाहिलं.

“काय करायचं न्हाई,” म्हणाले. “पण त्यात हयगय चालायची न्हाई.”