‘सोड’ म्हणाल्यावर

"वस्ताद, ज्याला आपली भाषाच येत नाही, त्याच्या मागं मी गोलात उभा कसा राहू?"

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, इंद्रजित खाडे, तावातावानं विचारत होता. दुपारी चारला फायनल. अकरा नावं अजून लिहायची होती. वस्ताद सासन्यांच्या गुडघ्यावर कागद कोराच होता.

"आज तो खेळंल, नाहीतर मी. दोघं नाही."

तो म्हणजे बचावातला कुआसी. आयव्हरी कोस्टहून आलेला, फ्रेंच बोलणारा. मैदानाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होता. एकच नाडी, तिसऱ्यांदा. बोलणं आपल्याबद्दल चाललंय, हे त्याला चेहऱ्यांवरून कळत होतं. आज बाहेर बसवला, की उद्या परतीचं तिकीट. तेही कळत होतं.

"काय झालं ते सांग," वस्ताद म्हणाले.

"साऱ्या गावानं बघितलंय! सेमीफायनलला बॉल आमच्या दोघांच्या बरोबर मधे पडला. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, 'सोड!' आणि झाला की गोल. पेनल्टीवर जिंकलो म्हणून आज उभं तरी हाय."

"तू 'सोड' म्हणालास. मग त्यानं काय केलं?"

"त्यानं..."

"बोल की."

"...सोडला."

वस्तादांनी कुआसीकडं एकदा बघून घेतलं.

"मराठी बरी येती की रं त्याला."

इंद्रजितचे कान लाल झाले. पण हट्ट सोडील तो कसला. आपलं चुकलं की माणसाला आधी दुसऱ्याची भाषा खुपते.

"तसं नव्हे, वस्ताद. त्याचं टायमिंग..."

"गोलात जा."

वस्तादांनी कुआसीला नुसत्या बोटानं जागा दाखवली. मग बॉल उंच फेकला, दोघांच्या मधे.

"सोड!" इंद्रजित ओरडला.

कुआसी बाजूला झाला.

इंद्रजित दोन पावलं पुढं आला... आणि डावा खांदा आखडून थांबला. बॉल टप्पे खात त्याच्या शेजारून जाळीत गेला.



कुआसी वळला. इंद्रजितच्या डाव्या खांद्याकडं बघत राहिला. मग स्वतःच्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवून त्यानं भुवया उंचावल्या.

गेल्या वर्षी असाच बॉल घ्यायला झेपावताना इंद्रजितचं तिथलं हाड मोडलं होतं. हाड सांधलं. त्यानंतर तो दुप्पट मोठ्यानं ओरडायला लागला, आणि तालमीतली पोरं म्हणायची, काय दम आहे गड्यात!

इंद्रजितनं मान खाली घातली. मग ती हलवली. होय.

कुआसीनं तळवा खांद्यावरून काढला, आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

वस्तादांनी कागदावर पहिली दोन नावं लिहिली: खाडे, कुआसी. इंद्रजितनं ती वाचली. दोन्ही वाचली आणि डावा खांदा चोळला.

"वस्ताद... चारला पाय पुन्हा अडले तर?"

वस्तादांनी मान वर केली नाही. तिसरं नाव लिहीत म्हणाले,

"तर ओरडू नकोस. बॉल तो काढंल."