येसाक्काचा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माणदेशाच्या माळावर तेव्हा ना सडक होती, ना विजेचा खांब. होती ती बोरजाईची वाडी, आणि वाडीबाहेर, हिवराच्या झाडाखाली, येसाक्काचं शेळ्यांचं आवार. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत एक छपरी, आणि छपरीत येसाक्का.

येसाक्काच्या स्वतःच्या शेळ्या दोनच. बाकी सगळ्या गावाच्या. सकाळी ती कुंपणाशी उभी राहून हाळी द्यायची, "यूऽऽ यूऽऽ," की घराघरांतून शेळ्या दावी तोडून पळत यायच्या. तिची हाळी तीन गावं ओलांडून जायची, असं म्हणतात. एकदा शेजारच्या गावचं लग्नाचं वऱ्हाड ती हाळी ऐकून वाट चुकलं आणि थेट तिच्या आवारात येऊन उभं राहिलं. येसाक्कानं त्यांना ताक पाजलं आणि वाटेला लावलं.

आता वाडीच्या दोन आळ्या. वरची आणि खालची. या दोन आळ्यांचं बोलणं बंद होतं, आणि ते बंद पडलं होतं एका बोकडापायी. खालच्या आळीच्या शिदोजीच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेव बोहल्यावर उभा, अंतरपाट धरलेला, भटजींनी मंगलाष्टक सुरू केलेलं. तेवढ्यात वरच्या आळीच्या तातोबाचा बोकड मांडवात शिरला आणि नवरदेवाच्या फुलांच्या मुंडावळ्या खाऊन गेला. दोन्ही बाजूंच्या. वरची आळी पोट धरून हसली. खालच्या आळीला ते लागलं. शिदोजी म्हणाला, "हसा. आजपास्नं तुमचं आमचं तोंड बंद."

आणि खरंच बंद झालं. वरच्या आळीच्या बाया विहिरीवर सकाळी, तर खालच्या आळीच्या दुपारी. बोरजाईची पालखी एका वर्षी वरची आळी काढायची, एका वर्षी खालची. सोयरिकी मोडल्या. मुंडावळ्या गेलेल्या त्या नवरदेवाला पोरं झाली, पोरं चालायला लागली, तरी तातोबा आणि शिदोजी समोरासमोर आले की दोघंही आभाळाकडं बघत जायचे.

शेळ्यांना मात्र आळी कळत नव्हती. त्या येसाक्काच्या आवारात एकमेकींच्या मानेवर मान टाकून निजायच्या. येसाक्का दोन्ही आळ्यांना म्हणायची, "जनावरास्नी कळतंय ते तुमाला कवा कळायचं?" दोन्ही आळ्या हसून वेळ मारून न्यायच्या.

मग ते वर्ष आलं. शिमगा होऊन गेला होता. त्या साली शेळ्या सगळ्या एकदमच गाभण होऊन दिवस भरत आले होते. पोटं अशी टम्म, की चालताना हलायची. दुपार कलली आणि सीताबाईच्या डोंगराकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं. वारा सुटला. येसाक्कानं कळप घाईनं आवारात आणला आणि पहिली गार पडली. मग दुसरी. मग आवळ्याएवढाल्या गारा तडातडा पडायला लागल्या. वाऱ्यानं छपरी उडाली. शेळ्या बिथरल्या, आणि त्या धसक्यानं एकेक शेळी जागच्या जागी व्यायला लागली.

येसाक्का एकटी. हात दोन. तिनं चहूकडं बघितलं, धोंड्यावर चढली आणि हाळी दिली, "यूऽऽ यूऽऽ." रोज शेळ्यांना देई तीच हाळी. त्या दिवशी ती ऐकून माणसं धावली.

दोन्ही आळ्या घोंगडी डोक्यावर घेऊन आल्या. माणसं आली ती आपापली शेळी सोडवून न्यायला. पण त्या गारांत, त्या चिखलात कुणाची काळी आणि कुणाची करडी कोण ओळखणार? येसाक्का म्हणाली, "आज कुणाची कंची ते इचारू नगा. म्होरं आली ती आपली."

तिनं आपलं घोंगडं उलगडून कळपावर धरलं. पुढं काय झालं ते दोन तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतात, तिचं घोंगडं वाढत गेलं, वाढत गेलं आणि या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पसरलं. कुणी म्हणतात, माणसांनी आपापली घोंगडी एकमेकांना गाठी मारून जोडली आणि कडा धरून गारा संपेपर्यंत उभी राहिली. काही असो. त्या दिवशी एकाही शेळीला गार लागली नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

घोंगड्याखाली एक शेळी अडली होती. करडाचा पाय आत दुमडला होता. येसाक्काचे हात दुसऱ्या शेळीत गुंतलेले. तिनं जवळ होते त्यांना सांगितलं, "शिदोजी, तुझा हात बारीक हाय. हाताला त्याल चोळ आन् पाय सरळ कर. तातोबा, तू शिंगं धर."

दोघंही जागचे हलेनात. शेळी कळ येऊन ओरडली. मग शिदोजी गुडघ्यावर बसला आणि तातोबानं शिंगं धरली. शेळीनं हिसका दिला.

"नीट धर की," शिदोजी म्हणाला.

"धरलीया. तू हळू वढ," तातोबा म्हणाला.

घोंगड्याच्या कडा धरून उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. येसाक्का मान खाली घालून हातातलं करडू पुसत राहिली.

थोड्या वेळानं पाय सुटला आणि करडू बाहेर आलं. काळंभोर. आणि त्याच्या कपाळावर एक पांढरी पट्टी. ती दोन्ही गालांवरून अशी खाली उतरलेली, की बघणाऱ्याला वाटावं, बोहल्यावरच निघालंय. शिदोजी त्या करडाकडं बघतच राहिला.

"कुणाचं रं हे?"

तातोबानं शेळी नीट बघितली. "आमच्याच त्या बोकडाचा नातू म्हनायचा."

शिदोजीच्या मिशा हलल्या. "आज्यानं नेल्या, नातवानं आनून दिल्या," तो म्हणाला, आणि इतका हसला की त्याला बसल्या जागी चिखलात हात टेकावा लागला. तातोबा हसला, मग घोंगडं हलायला लागलं, कारण ते धरणारी सगळीच हसत होती.

त्या दिवशी प्रत्येक शेळीला जुळं झालं, असं म्हणतात. गारा थांबल्या तेव्हा प्रत्येक माणसाच्या कुशीत एक करडू होतं, आणि कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. येसाक्कानं आधी करडांना पोटभर चीक पाजला. उरला त्याचा गूळ घालून खरवस केला. दोन्ही आळ्या एका पंगतीला बसल्या, आणि पातेलं काही केल्या रितं होईना.

त्यानंतर येसाक्का पुष्कळ जगली. पण एकटी कधी राहिली नाही. कुणाचं मन लागेना, कुणाचं घरात भांडण झालं, की माणूस तिच्या आवारात यायचं. ती काही विचारायची नाही. हातात पाला द्यायची नाही तर मांडीवर करडू ठेवायची, आणि म्हणायची, "हात लावून जा." संध्याकाळी माणूस शीळ घालत घरी जायचं.

ती गेली तेव्हा गावानं तिला खांद्यावर घेतलं, आणि मागून सगळा कळप चालत निघाला. वाटेत बोरी होत्या, बाभळी होत्या, शेंगा खाली लोंबत होत्या. शेळी आणि पाल्यावरून तोंड फिरवील? पण त्या दिवशी एकीनंही पानाला तोंड लावलं नाही, असं म्हणतात.

आवार अजून आहे. तिथं गडी ठेवलेला नाही. रोज वरच्या आळीतलं एक माणूस आणि खालच्या आळीतलं एक, अशी जोडी झाडलोट करते, पाला घालते, धारा काढते. त्याला येसाक्काचा हात म्हणतात. हात लावल्याशिवाय वाडीत कुणाचं लग्न ठरत नाही, आणि नव्यानं आलेली सूनबाई वाडीची होत नाही.

आणि शेळ्या व्यायला लागल्या की आता माळावरून जाणारी एसटीसुद्धा आवारापाशी थांबते. कंडक्टर नुसतं म्हणतो, "ज्यांस्नी उतरायचंय त्यांनी उतरा." बाजाराला निघालेल्या बाया उतरतात, पांढऱ्या कपड्यांतले सोयरे उतरतात, कॉलेजच्या पोरी उतरतात. कुणी करडू पुसतं, कुणी पाणी दाखवतं, कुणी नुसतं मांडीवर घेऊन बसतं. मग गाडी निघते. पुढच्या गावाला उशिरा पोचते, पण तिथं कुणी कारण विचारत नाही. दार उघडलं की आतून कोवळ्या करडांचा वास येतो, आणि थांब्यावरची माणसं विचारतात, "किती झाली?"