गुरुजींच्या चष्म्यावरची सोनभुकटी

ऐका तर बाळांनो! टेकडीपलीकडच्या लिंबोणी गावात येसू नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. अंगावर विटका निळा परकर, त्याला हिरवं ठिगळ, पण डोळे कसे टपोरे, चमचमणारे! तिची आई शिंदीच्या पानांची बसकरं विणून विकायची. शाळेतली सगळी मुलं तिने विणलेल्या बसकरांवरच बसायची. आणि येसूचं बसकर कुठे? तर अगदी मागे, दाराशी.

त्या शाळेची रीतच तशी होती बाई! आगवेकर गुरुजींच्या टेबलापाशी हुशार मुलं आणि दाराशी 'ढ' मुलं. प्रश्न पुढच्यांना, कामं मागच्यांना. "येसू, माठ भर गं. येसू, बागेला पाणी घाल." चुकून एखादा प्रश्न मागे आलाच, तर येसू मान खाली घालून गप्प उभी राहायची. गुरुजी म्हणायचे, "बस खाली." की बसली! गुरुजी काही वाईट नव्हते हो, नुसते कंटाळले होते. दाराशी बसणाऱ्यांना काही यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि त्या बिचाऱ्यांनाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

एक दिवस गुरुजींनी येसूच्या आईला बोलावलं. म्हणाले, "सहामाहीला हिला एक पान वाचता आलं तर ठीक. नाहीतर घरीच ठेवा. बसकरं तरी विणेल."

येसूचा जीव एवढासा झाला. तिला शाळा फार फार आवडायची. घंटेची टणटण आवडायची, फळ्यावरची पांढरीशुभ्र अक्षरं आवडायची. ती अक्षरं तिच्याशी बोलत नव्हती, एवढंच!

शाळेच्या बागेत एका कोपऱ्यात जाईची वेल होती. वाळून नुसती काडी झालेली. "उपटून टाका ती," असं सगळे म्हणायचे. पण येसू रोज सकाळी कळशीतलं उरलेलं पाणी तिला घालायची आणि गालाशी धरून म्हणायची, "रुसलीस होय गं? रुस हवी तेवढी. मी उद्या परत येणार!" वर्गाच्या खिडकीतून गुरुजींच्याही कानावर ते रोज पडायचं.

आणि काय गंमत सांगू! एका सकाळी त्या काडीला पोपटी कोंब फुटला. मग इवलीशी पानं आली, मग एक टप्पोरी कळी. येसू बघतेय तोवर कळी अलगद उमलली आणि आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. पांढरा झिरझिरीत झगा, गुलाबी पंख, केसांत दवाचे थेंब लुकलुक लुकलुक!

"अगंबाई!" येसू दोन पावलं मागेच सरली.

"घाबरू नकोस गं सोनुले," परी म्हणाली. "मी जाईपरी. सगळ्यांनी मला वाळकी काडी म्हटलं, तू एकटीनेच म्हटलं नाहीस. माग, काय हवं ते माग. पण एकदाच हं! आणि धडे डोक्यात भरून दे म्हणालीस, तर ते आम्हा पऱ्यांना जमत नाही."

येसू विचारात पडली. रेशमी परकर मागावा? की आईला मऊ मऊ गादी? मग तिला दाराशी बसणारे सगळे आठवले. सतत शिंकणारा बाळू आठवला, कधीच न बोलणारी गौळण आठवली. ती हळूच म्हणाली, "परीताई, मी या वेलीकडे बघते ना, तसं गुरुजींनी आमच्याकडे बघावं. दाराशी बसणाऱ्या सगळ्यांकडे."

परीचे डोळे पाण्याने भरले. "मागितलंस ते दिलं! गुरुजींच्या चष्म्यावर मी सोनभुकटी शिंपडते. पण पाणी लागलं की ती गेली, हे ध्यानात ठेव. आणि तुझ्यासाठीही एक अट आहे. गुरुजींनी विचारलं की गप्प राहायचं नाही. चुकलं तरी तोंड उघडायचं!"

वर्ग भरला. गुरुजींनी टेबलावरचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि "अरेच्चा!" म्हणून उभेच राहिले. प्रत्येक मुलाच्या कपाळावर एक चिमणी चांदणी लखलखत होती. बाळूच्या कपाळावर केशरी, गौळणीच्या जांभळी. आणि दाराशी, येसूच्या कपाळावर हिरवीगार!

"येसू," गुरुजी म्हणाले, "तू वाच बघू."

येसूची मान खाली जायला लागली. पण अट आठवली! तिने तोंड उघडलं, चुकली. पुढची मुलं फिदीफिदी हसली.

"हसू नका रे. वाच बाळ, पुढचं वाच."

बाळ! येसू पुन्हा चुकली, अडखळली, आणि मग दोन शब्द चक्क बरोबर वाचले.

"शाब्बास!" गुरुजी म्हणाले. तो शब्द आजवर दारापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

पण दुपारच्या सुट्टीत काय झालं! चष्म्यावर खडूची धूळ बसली, म्हणून गुरुजींनी तो माठातल्या पाण्याने धुतला. सोनेरी धार चिखलात ओघळून गेली. माठापाशी उभ्या येसूने ते बघितलं. संपलं सगळं! ती डोळे पुसत बसकरावर येऊन बसली.

घंटा झाली. गुरुजींनी चष्मा लावला, डोळे मिचकावले. चांदण्या कुठेच नव्हत्या. ते दाराशी बसलेल्या येसूकडे वळले आणि म्हणाले, "येसू, सकाळचं वाक्य अर्धंच राहिलं ना गं आपलं?"

त्यानंतर शाळेचा रंगच पालटला. बसकरं गोलात मांडली गेली, पुढे कुणी नाही नि मागे कुणी नाही. गुरुजी गाणी म्हणून दाखवू लागले, चित्रं काढू लागले. गौळण बोलायला लागली, ती थांबेचना! आणि येसू संध्याकाळी आईशेजारी पानं विणता विणता मोठमोठ्याने वाचायची.

सहामाहीचा दिवस उजाडला. येसूला घरी न्यावं लागणार, अशी मनाची तयारी करून आई दाराशी येऊन उभी होती. येसूने पुस्तक उघडलं. भराभर वाचत गेली, आणि 'इंद्रधनुष्य' शब्दापाशी अडली.

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "घाई नाही बाळ. मी इथेच आहे."

"इं... द्र... धनुष्य!" येसूने वाचलं, आणि पान संपेपर्यंत थांबली नाही.

आईने पदर डोळ्यांना लावला. "म्हणजे गुरुजी, उद्यापासून..."

"उद्यापासून हिला रोज पाठवा हो," गुरुजी म्हणाले. "हिच्याशिवाय माझा वर्ग भरायचा नाही."

येसू धावत बागेत गेली. "परीताई, भुकटी तर पहिल्याच दिवशी धुतली गेली होती!"

"मी बघितलं की!" परी खुदुखुदु हसली. "मी फक्त एका सकाळपुरतं दाखवलं गं राणी. बाकीचं तुम्हीच केलंत." तिने येसूच्या नाकावर इवलासा पापा दिला, गुलाबी पंख पसरले, आणि सोनेरी, रुपेरी उजेडात ती विरघळून गेली. उजेड सरला तेव्हा जाईची वेल फुलांनी नखशिखांत भरली होती.

मागे पावलं वाजली. गुरुजी स्वतः पाण्याची कळशी घेऊन आले होते. कुंपणापाशी शेवंतीचं एक रोप वाळून पडलं होतं. ते त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच विचारलं,

"येसू, हीसुद्धा रुसलीच असेल ना गं?"