पांढरगिळ्यांचा घास

एका गावात सकाळी बरोबर नऊ वाजता, एका घासावरून हे सगळं सुरू झालं. भागू अंगणात आपल्या चार वर्षांच्या मल्हारीला भरवत होती. पोर अंग धरत नव्हतं, म्हणून तिचा जीव सारखा टांगणीला. काऊचा घास झाला, चिऊचा झाला. शेवटचा काही केल्या तोंडात जाईना. तेवढ्यात माळावरचा सुभाना चुन्याची पाटी घेऊन रस्त्यानं चालला होता. चुन्याच्या भट्टीवर राबणारा माणूस, पापण्यांपर्यंत पांढरा.

भागू म्हणाली, "खा बरं. नाहीतर तो बघ पांढरगिळ्या. न जेवणारी पोरं गिळतो."

पोरानं मुकाट घास गिळला.

मग शेजारणीनंही तेच धरलं. तिनं पांढरगिळ्याला सुळे लावले. गिरणीवाला स्वतः पिठानं पांढरा, पण त्यानं सांगितलं की माळावरच्या चुना भाजणाऱ्या लोकांना सावलीच नसते. त्यांच्या बायका अंडी घालतात असं कुणी म्हणालं, आणि सगळे पोट धरून हसले. वर्षभरात माळावरच्या नऊ घरांची जातच निराळी ठरली. हसणं थांबलं. त्यांना पाणवठ्यावर येऊ देईनात. भागूला वाईट वाटायचं. पण पोर जेवत होतं, म्हणून ती गप्प राहिली.

एके दिवशी मल्हारी करडामागं धावत चुनखडीच्या खाणीच्या कडेला गेला. सुभानानं त्याला पाहिलं. हात पुढं करून तो हळूच म्हणाला, "बाळा, हलू नको. मी येतो."

पोरानं ते पांढरं तोंड पाहिलं आणि एक पाऊल मागं टाकलं. मागं खाण होती.

सुभानानंच त्याला उचलून गावात आणलं. आईच्या मांडीवर पोरानं एकदा डोळे उघडले. "आई, मी तर सगळं जेवलो होतो," म्हणालं, आणि गेलं.

गावानं दगड उचलले. भागू आडवी आली. "ते नाव मी काढलंय. माझ्या तोंडचं आहे. हा माणूस आहे, चुना भाजतो."

लोक म्हणाले, पोर गेल्यानं बाईचं डोकं फिरलं. तिला बाजूला ओढलं. सुभाना तिथंच पडला. रक्तानं त्याच्या तोंडावरचा चुना धुऊन निघाला. चुन्याखालचं तोंड गावातल्या कुणाच्याही बापासारखं होतं. ते बघायला भागूशिवाय कुणी थांबलं नाही.

माळ आता ओस आहे. गावात शेवटचा घास अजून पांढरगिळ्यांचाच असतो.

तात्पर्य: आपलं पोर जेवावं म्हणून दुसऱ्या माणसाचा राक्षस करू नये, तोंडातून गेलेलं नाव मागून परत मिळत नाही. पोराला घास भरवणारी जी कुणी भेटेल, तिला एवढं सांगा.