तेल आणि पहिली गोळी

“पण उस्ताद, ट्रिगर लोण्यासारखा चालतोय, मग हे तेल वाईट कसं?”

दस्तगीर उस्तादांनी बंदूक नाकाशी नेली, वास घेतला आणि परत टेबलावर ठेवली.

“वाईट आहे असं मी कुठं म्हटलं?”

सुयोग ढाणे सावध झाला. उस्तादांनी शिव्या घातल्या की माणूस सुटला, हे त्याला ठाऊक होतं. ते असे शांत बोलले की मात्र धडगत नसे.

पाचगणीच्या अलीकडे एका पठारावर पेंटबॉलचं मैदान आहे. चांगली शिकलेली माणसं तिथं मुखवटे चढवतात, हवेच्या बंदुकांनी एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात आणि घामाघूम होऊन हसत घरी जातात. हौसेला मोल नाही, दुसरं काय! तिथल्या तीस बंदुका उस्तादांच्या हाताखाली होत्या. फौजेत त्यांची सगळी नोकरी शस्त्रं दुरुस्त करण्यात गेलेली. आता मात्र डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि बारीक स्क्रू हाताला लागेनासा झाला होता.

म्हणून त्यांनी सुयोगला सांगितलं होतं, की या खेपेला तेल तू निवड, बंदुकाही तूच जुळव. जमलं तर हत्यारांच्या कपाटाची चावी तुझी. ती चावी काळ्या दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात असायची. सुयोग दोन वर्षं तिच्याकडे डोळे लावून बसला होता.

पोरगा कराडचा, डिप्लोमा केलेला, हाताचा सफाईदार आणि तोंडाचा त्याहून. उस्तादांची फडक्यात गुंडाळलेली एवढीशी तेलाची बाटली टेबलावरच असे. त्यातलं तेल ते थेंब मोजून घालत; त्याला ना वास, ना चमक. सुयोगला तिची कीव यायची. त्यानं मोटारसायकलच्या चेनवर मारतात तो गंज सोडवायचा स्प्रे आणला आणि तीसही बंदुकांच्या पोटात मनसोक्त फवारला. लोखंड आरशासारखं लखलखलं. मग चार दिवस तो मैदानभर सांगत फिरला, की उस्तादांचे थेंब मोजायचे दिवस संपले.

आता राहिली होती ती एक रीत. ज्यानं बंदुका जुळवल्या, त्यानंच त्यांतल्या उस्ताद उचलतील त्या एका बंदुकीची पहिली गोळी छातीवर झेलायची. तोंडावर मुखवटा, अंगात जाड जाकीट, अंतर वीस पावलं. गोळी झाडायची उस्तादांनी. ती झेलल्याशिवाय एकही बंदूक पाहुण्यांच्या हातात जात नसे. आणि पाहुणे उद्या सकाळी येणार होते.

सुयोगनं खुंटीवरचं जाकीट काढलं.

“ते इकडं दे,” उस्ताद म्हणाले. “आज मी उभा राहतो. तू मार.”

“उस्ताद, रीत तर...”

“रीत मीच घातली, ढाणे.”

त्यांनी जाकीट चढवलं, मुखवटा बांधला आणि पावलं मोजत गेले. विसाव्या पावलाला वळले. सत्तरीचा काटकुळा म्हातारा, जाकीट खुंटीला अडकवल्यासारखं अंगावर लोंबतंय. हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

सुयोगनं बंदूक गालाशी लावली.

सूं...

कुकरचं झाकण नीट बसलं नसलं की येतो तसला बारीक आवाज. त्याला तो नवा नव्हता. सकाळीही आला होता, तेव्हा त्यानं स्वतःला समजावलं होतं, की वारा असेल. आणि नसला वारा, तरी एक गोळीच तर खायची. आठ दिवसांत डाग जाईल, चावी मात्र गळ्यात येईल.

आत हवा सुटली की दाबाचा भरवसा राहत नाही. एखादी गोळी मरगळून पायाशी पडते, एखादी हाडापर्यंत झोंबते. दोन वर्षं उस्तादांच्या हाताखाली राहिलेल्याला हे काय सांगायचं?

“मार की,” पलीकडून आवाज आला.

सुयोगचं बोट ट्रिगरवर होतं. बंदूक खाली केली तर चावी गेली. चार दिवस बढाया मारलेलं तोंड घेऊन उद्या मैदानावर कसं यायचं? त्याला भयंकर लाज वाटली. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं बंदूक खाली केली आणि हवेची टाकी सोडवली.

“उस्ताद, हवा सुटतेय. सकाळपासून.”

“मग सकाळी का नाही बोललास?”

“सकाळी... सकाळी मी उभा राहणार होतो.”

उस्ताद मुखवटा काढत परत आले. बंदूक खोल म्हणाले. सुयोगनं खोलली आणि आतली रबरी रिंग काढून नव्या रिंगेशेजारी ठेवली. भिजत घातलेल्या मनुक्यासारखी ती फुगली होती, नखानं दाबली तर मऊ लागत होती. उस्तादांनी एवढंच सांगितलं, की लोखंड कुठल्याही तेलानं चमकतं, पण बंदुकीतली हवा लोखंड धरून ठेवत नाही, रबर धरून ठेवतं. आणि हा स्प्रे रबराला खातो.

उरलेल्या एकोणतीसही खोलतो, सगळ्या रिंगा बदलल्याशिवाय घरी जात नाही, असं सुयोग म्हणाला. उस्तादांनी मान हलवली. मग गळ्यातला काळा दोरा काढला आणि चावी त्या एवढ्याशा बाटलीजवळ ठेवली.

सुयोगनं चावीला हात लावला नाही. त्यानं बाटली उचलली, फडकं सोडलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावरची चिठ्ठी वाचली. पेंटबॉलच्या बंदुकीसाठी, रबराला चालणारं, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

“ह्याचे किती थेंब घालू, उस्ताद?”

उस्ताद जाकिटाची चेन उघडत होते.

“समोर कोण उभं राहणार आहे, ते आधी सांग.”